खंड्याची नोंद

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

नोंद गेली. माझी नोंद गेली!

तिकीटसंग्राहक मंडळाच्या बैठकीत रफिक टपालतिकिटांचा नवीन डिजिटल कॅटलॉग दाखवत होता. आण्णांच्या छापखान्याच्या माडीवर टीव्ही, त्याला टॅबलेट जोडलेला. तिकिटावर कॅमेरा धरायचा की नंबर, साल, रंग, सगळं पडद्यावर. मोठी माणसं, पण जत्रेतल्या पोरांसारखी आपापली तिकिटं पुढं करत होती. तेजस्वी – दातांची डॉक्टर, माझीच विद्यार्थिनी, भूगोलात कायम काठावर पास – ती तर टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, एवढं कौतुक चाललंय तर ३१७-अ काढ.

रफिक म्हणाला, "वहिनी, दुसरं एकादं बघूया की."

"का? तेच काढ."

काढलं. ३१७ आलं – खंड्या पक्षी, नारंगी छातीचा, साधा, कुणाच्याही आल्बममध्ये असतो तो. त्याच्या खाली एकदम ३१७-ब. मधला अ नाहीच.

आण्णा खाकरले. मी उठून कपाटातला छापील ग्रंथ काढला आणि टेबलावर आपटला. तिथं आहे. 'नारंगी रंग छापायचा राहिलेला. एकच प्रत ज्ञात. शोध – नंदिनी कुंभोजकर, कोल्हापूर.' काळ्या शाईत. वाचून दाखवलं. मोठ्यानं.

रफिक टॅबलेटकडं बघत बसला होता. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

डोकं अजून तापलेलं.

वीस-पंचवीस वर्षं झाली त्या खंड्याला. वसंतच्या हापिसातून पाकिटांचा गठ्ठा आला होता, तो भिजवून तिकिटं सोडवत होते. एक खंड्या निघाला – निळा आहे, चोच आहे, पण छाती पांढरीफटक. दिल्लीला पत्र धाडलं, फोटो धाडला. पुढच्या आवृत्तीत नाव छापून आलं.

शाळेत तीस वर्षं शिकवलं. शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर माझं नाव नाही. घराच्या पाटीवर वसंतचं. मंगळसूत्र सोडून माझं स्वतःचं असं दाखवायला काय आहे? ती एक ओळ आहे. परगावचे संग्राहक येतात तेव्हा विचारतात, खंड्यावाल्या बाई कुठं राहतात. आणि कुणीतरी कुठंतरी बसून बोटानं ती ओळ पुसली. पुस्तकातली पुसून दाखव म्हणावं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कॅटलॉगच्या संपादकाला मेल केला. तिखट केला. वसंतला वाचून दाखवला. (वहीत मी वसंत लिहिते. तोंडावर 'अहो'च.) तो पेपरामागून म्हणाला, "जाऊ दे की आता."

"काय जाऊ दे?"

"ते. तिकिटाचं. वय झालं आपलं."

वय झालं! याचं वय लग्नाच्या दिवशीच झालं होतं. शेजारणीनं कचऱ्याची बादली आपल्या दारात ठेवली तरी हा म्हणणार जाऊ दे. कधी म्हणून माझ्या बाजूनं उभा राहिला नाही. पेपर तेवढा उभा धरतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर, तरी बैठक झाली. विषय मोठा आहे. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून डिसेंबरात प्रदर्शन. मधल्या फ्रेममध्ये माझा खंड्या, हे जूनमध्येच ठरलंय. मुंबईहून परीक्षक येणार, दिवे-भिंगं घेऊन एकेक तिकीट तपासणार. आता प्रश्न असा की मंडळाचा अधिकृत कॅटलॉग कुठला? नव्या छापील संचासाठी पैसे घालायचे की डिजिटलचं सभासदत्व घ्यायचं? जो ठरेल त्यावरच प्रदर्शनातली तिकिटं मांडायची.

म्हणजे छापील ठरला (त्यात नोंद तशीच आहे) तर खंड्या मध्यभागी. डिजिटल ठरला तर खंड्या नाहीच.

आणि डिजिटलसाठी कोण एवढं हट्टाला पेटलंय? रफिक. दर वाक्यात तेच. छापील ग्रंथ निघेपर्यंत जुना होतो, जड, महाग, बारीक अक्षर. "चूक असली तर ह्यात लगेच दुरुस्त हुती," म्हणाला.

मी म्हटलं, "आणि बरोबर असलेलं लगेच पुसलं पण जातं."

टॅबलेटची काच पुसायला लागला. आण्णा म्हणाले, दिवाळीनंतर मत घेऊ. आण्णांचा जन्म शाईत गेलाय, ते माझ्याच बाजूचे. तेजस्वी आणि तिच्या वयाचे चारजण तिकडं. बाकीचे वाऱ्यावर.

हा रफिक आमच्याच घरात वाढला म्हटलं तरी चालेल. शिरोलीला स्वतःचं वेल्डिंगचं शेड घातलं तेव्हा पहिला पेढा आमच्या घरी. पहिला आल्बम मी दिला त्याला. चिमट्यानं तिकीट कसं उचलायचं ते मी शिकवलं. आता मला शिकवतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ओवाळलं. वसंतनं साडी आणली, नारंगी काठाची. दुकानात दुसरा रंग नव्हता का? कपाटात टाकली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं!

संपादक लिहितो – आपल्या नोंदीबद्दल आक्षेप आला. आक्षेप कोल्हापुरातूनच आहे, तपशील पटण्यासारखे आहेत. रंग छापायचा राहिला नसून मागाहून उडाला असावा. तपासणी होईपर्यंत नोंद काढली आहे. आक्षेप घेणाऱ्याचं नाव सांगता येत नाही.

नाव सांगता येत नाही म्हणे. पण त्या शहाण्यानं जुन्या मेलवरच उत्तर लिहिलंय आणि खाली पत्ता तसाच राहिलाय. मजकूर काढलाय, पत्ता राहिलाय. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वसंतचा चष्मा लावून वाचला.

रफिकचा पत्ता आहे.

म्हणून "दुसरं एकादं बघूया की." म्हणून डिजिटल, डिजिटल. आधी तिथून माझं नाव काढायचं, मग तेच मंडळाच्या गळ्यात मारायचं. किती दिवस चाललं असेल हे? माझ्या हातचे कांदेपोहे खाता खाता चाललं असेल.

वसंतला सांगितलं नाही. तो म्हणेल जाऊ दे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

भाजी घेऊन आले तर रफिक गॅलरीत वसंतशेजारी बसलेला. मी दिसले तसे दोघंही बोलायचे थांबले.

"या वहिनी," म्हणाला. माझ्याच घरात मला या म्हणतो.

मी चहा टाकला नाही. आत जाऊन कुकर लावला, मुद्दाम भांडी वाजवली. जाताना दारात थांबला. "वहिनी, त्या परदर्शनात दुसरं कायतरी लावू या का मधी? तुमचं संस्थानी लिफाफे लई भारी हायत."

"मधे काय लावायचं ते सभा ठरवेल."

"व्हय," म्हणाला आणि गेला. चप्पल घालताना वसंतकडं बघितलं त्यानं. वसंतनं मान खाली घातली. माझ्या नवऱ्यालाही फिरवलाय ह्यानं!

२ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर फोन. आण्णा, पेठ वडगावचे बाळासो, जयसिंगपूरचे दोघं. सगळ्यांना तेच सांगितलं – पडद्यावरचं आज आहे उद्या नाही, आज माझं गेलं, उद्या तुमचं जाईल. बाळासो म्हणाले, "बाई, आमचा हात वर." कुणी केलं हे, असं आण्णांनी विचारलं. सभेत सांगते म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

माडी भरलेली. आधी रफिक उभा राहिला. म्हणाला, "मी पुस्तकाच्या इरोधात न्हाय. पर एकोणीसच्या पुरात आमच्या घरात माझं समदं कॅटलॉग चिखल झालं. आल्बम गेलं. एकवीसला परत तेच. यादी वर कुठंतरी असली तर ती भिजत न्हाय, एवढंच म्हणनं हाय माझं." काही लोक माना हलवायला लागले. रफिकचं घर कुरुंदवाडचं, आणि कुरुंदवाड म्हटलं की लोकांना पूर आठवतो.

मी उठले. म्हटलं, "ज्यांना पाणी यायच्या आधी आपली पुस्तकं माळ्यावर टाकायची अक्कल नव्हती, त्यांनी मंडळाला पुस्तकं कशी ठेवायची ते शिकवू नये."

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही. तेजस्वी म्हणाली, "मॅडम..." मी तिच्याकडं बघितलं, ती बसली.

मग मेलचा कागद काढला. आण्णांच्या हातात दिला. म्हटलं, "कोल्हापुरातून आक्षेप कुणी घेतला ते वाचा." आण्णांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि नाव वाचलं.

मी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. "रफिकसाहेब, हे तुम्ही पाठवलं का?"

तो उभाच होता. म्हणाला, "माझ्या मेलवरनं गेलंय. व्हय."

"का?"

"ते मला सांगता यायचं न्हाय, वहिनी."

"माझ्या घरात जेवून माझ्या पाठीमागं लिहिलंत. आता तोंडावर सांगता येत नाही?"

"न्हाय."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. चोर सापडला की असाच बोलतो. मी वाट बघितली, सगळ्या माडीनं वाट बघितली.

हात वर झाले. छापील. चारच हात विरोधात, त्यात रफिकचा नव्हता. त्यानं हात वरच केला नाही. मग मी म्हटलं, असल्या माणसानं प्रदर्शनाच्या समितीत राहू नये. बाळासोंनी अनुमोदन दिलं. आण्णा कागदांत काहीतरी शोधत बसले. शेवटी म्हणाले, "बरं."

रफिकनं टॅबलेट पिशवीत घातला, वायर नीट गुंडाळली. जाताना आण्णांना म्हणाला, "फ्रेमा तयार हायत. बुधवारी टेंपोनं लावून देतो. मधलीला काच बसवायची ऱ्हायलीया, ती बसवूनच देतो."

प्रदर्शनाच्या सगळ्या फ्रेमा त्याच्याच शेडमध्ये चालल्यात, विसरलेच होते. घेऊ. मंडळाच्याच आहेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

झोप उत्तम. सकाळी तांबडा रस्सा केला. वसंतनं विचारलं, काय विशेष? सभा जिंकली म्हटलं, छापील ठरलं. तो रश्श्यात भाकरी चुरत बसला. बाकीचं मी सांगितलं नाही. सांगून काय, जाऊ दे म्हणणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फ्रेमा आल्या. टेंपोवाल्याकडून उतरवून घेतल्या. काम चांगलं आहे, कोपरे घासलेले, हाताला कुठं लागत नाही. मधली सगळ्यात मोठी. रफिकची स्वतःची तिकिटं प्रदर्शनातून काढून घेतल्याची चिठ्ठी आण्णांकडं दिलीय म्हणे. घेऊ दे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी फोन. रोशनबी, रफिकची बायको. ती कधी फोन करत नाही. ईदला डबा येतो तेवढाच तिचा संबंध.

सलाम नाही, काही नाही. म्हणाली, "माझ्या घरवाल्याला पुस्तकं माळ्यावर टाकायची अक्कल न्हाय, असं म्हणालासा व्हय चारचौघांत?"

मी म्हटलं, मंडळाचा विषय आहे, तुझा संबंध नाही.

"माझा न्हाय तर कुणाचा? त्या दिवशी मी हुतो घरात, तुमी न्हवतासा. पयलं आमच्या पोरीला, आयेशाला खांद्यावर घिटलं त्यांनी. मग सासूला पाठीवर घिऊन गेलं, पायऱ्या दिसत न्हवत्या. परत आलं तवा पानी छातीला. पुस्तकं हुती समोर, फळीवर. त्यांनी शेजारच्या म्हातारीला बी न्ह्यायचं का पुस्तकं न्ह्यायची, तुमीच सांगा."

मी फोन ठेवला.

कुणी सांगितलं तिला? तेजस्वीनं, दुसरं कोण. मी पुराबद्दल काही बोलले नव्हते, पुस्तकांबद्दल बोलले होते. आणि पूर आला म्हणून माणसाला मागून वार करायची सूट मिळते का? मी काही चुकीचं बोलले नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चुकीचं बोलले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वसंत सकाळी मटण आणायला गेला आणि रिकाम्या पिशवीनं परत आला. वाटेत आण्णा भेटले होते. आण्णांनी सभेची सगळी हकीगत सांगितली, बाईंनी कसं मैदान मारलं म्हणून.

चपला न काढता सोफ्यावर बसला. म्हणाला, "रफिकला तू सगळ्यांसमोर विचारलंस?"

"विचारलं. कबूल केलं त्यानं."

"काय कबूल केलं?"

"त्याच्या मेलवरून गेलं म्हणाला."

"आणि का गेलं, ते?"

"सांगत नाही म्हणाला. काय सांगणार? जळला माझ्यावर, दुसरं काय?"

वसंतनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रक्तदाब. पाणी आणलं. घेतलं नाही. म्हटलं, "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? नवरा माझा का त्याचा?" तर उठून गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं. जेवायला आला नाही. मी एकटी जेवले, वरण-भात, रविवारी. संध्याकाळपर्यंत त्याची पाठ बघत होते काचेतून. चाळीस वर्षांत हा माझ्यावर कधी रागावला नव्हता. आज रागावला, तोही त्या माणसासाठी. त्याबद्दलही रफिकला मी माफ करणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वसंत चहाला बसला आणि म्हणाला, "ते मी लिहिलं. मला मेल येत नाही. रफिककडून टाईप करून घेतलं."

ते पाकीट त्याच्या हापिसातल्या टेबलावर, खिडकीशी, दोन उन्हाळे पडून होतं. आलं तेव्हा खंड्याची छाती नारंगी होती. तो रोज बघत होता. "तुला सापडलं तेव्हा तू घरभर नाचलीस. म्हटलं, दोन दिवस नाचू दे, मग सांगू. तोवर तू पत्र धाडलंस. मग पुस्तकात आलं. मग सांगायला जागाच राहिली नाही." आता मुंबईचे परीक्षक ते दिव्याखाली धरणार, सगळ्या गावासमोर. छापलेलं काढता येत नाही, पडद्यावरचं काढता येतं, असं रफिक म्हणाला होता. गुपचूप निघून जाईल, एवढंच दोघांना वाटलं.

मी विचारलं, "मग तो सभेत बोलला का नाही?"

"मी शब्द घेतला होता त्याच्याकडून. काही झालं तरी वहिनीला कळू द्यायचं नाही."

रफिकला फोन लावला. रोशनबीनं उचलला. मी म्हटलं, मी नंदिनी.

ती म्हणाली, "बोला."